बोटातला जप-काउंटर: आकडा बरोबर येतो, पुढचं आपलं

बोटात अंगठीसारखा अडकवायचा आणि अंगठ्याने दाबायचा डिजिटल जप-काउंटर. सिलिकॉनचा पट्टा, पाच आकडी पडदा, मोजायचं मोठं बटण आणि शून्यावर आणायचं बारकं बटण, एवढाच त्याचा संसार. नामजप करणारे, तसबीह करणारे मुसलमान, रोझरी म्हणणारे ख्रिस्ती असे सगळेच तो वापरतात. मोजायला वस्तू चांगली आहे. पण ‘माझी प्रार्थना नीट झाली का, पोचली का’ या शंकेने ज्यांना सारखं छळलेलं असतं, त्यांनी तो जरा विचार करून घ्यावा.

पट्टा तर्जनीच्या मधल्या पेरावर बसवा आणि बटण अंगठ्याकडे थोडं तिरकं ठेवा. सरळ वरच्या बाजूला ठेवलं तर दर वेळी अंगठा ताणावा लागतो आणि थोड्या वेळात त्याचं मूळ दुखायला लागतं. पट्टा सैल राहिला तर काउंटर बोटावर फिरतो, दाब अर्धवट बसतो आणि आकडा तिथेच राहतो. याच्या उलटा दोष जास्त त्रासाचा: एका दाबाला दोन आकडे पुढे जाणं. बटणाखालचा संपर्क झिजला किंवा आत ओल गेली की हे होतं. म्हणून नवा काउंटर आला की आधी प्रार्थना न म्हणता, सावकाश शंभर वेळा दाबून पाहा. १०३ दिसले तर सरळ परत करा.

शून्याचं बटण खोलगट आहे ना, तेही बघा. वर आलेलं असेल तर खिशात दाबलं जातं आणि आठवड्याचा हिशेब गेला. साध्या मॉडेलमध्ये सेल काढला की आकडाही जातो, तेव्हा सेल बदलण्याआधी तो वहीत लिहून ठेवा. नवा सेल जुन्यावरचा नंबर बघूनच आणायचा. दीड व्होल्टच्या जागी तीन व्होल्टचा चालत नाही. घरात लहान मूल असेल तर सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारंच घ्या. बटण सेल गिळला गेला तर जिवावर बेततं.

आता मुख्य गोष्ट. मोजणी अंगठ्याकडे सोपवली की मन शब्दांना मोकळं होतं, हा काउंटरचा खरा फायदा. तो माळेतही आहे, आणि माळेत एक गोष्ट जास्त आहे: तिला शेवट असतो. १०८ मणी झाले की मेरुमणी बोटाला लागतो, डोळे उघडावे लागत नाहीत. तसबीहच्या माळेला ३३ किंवा ९९ मणी, दहा-दहा मण्यांचे पाच गट असलेल्या रोझरीच्या माळेला एकूण ५९. कुठे थांबायचं हे तिथेही बोटालाच कळतं. काउंटरला शेवट नाही. मग डोळा किलकिला होतो, पडद्यावर ६८८ दिसतात, आणि ‘अजून ३१२ राहिले’ हा हिशेब प्रार्थनेत घुसतो. यावर सोपा इलाज म्हणजे पडद्यावर कागदी चिकटपट्टी लावायची आणि वेळेसाठी गजर ठेवायचा. आकडा उठल्यावरच बघायचा.

बटण शेवटचा शब्द संपल्यावर, श्वास सोडताना दाबा. सुरुवातीला दाबायची सवय लागली की अंगठा जिभेच्या पुढे पळतो. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००१ साली आलेल्या एका अभ्यासात २३ निरोगी माणसांकडून लॅटिन रोझरी आणि एक मंत्र म्हणवून घेतला होता. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास उतरला. म्हणजे एका आवर्तनाला दहा सेकंद. या लयीत १०८ ला १८ मिनिटं लागतात. तेवढ्याच लांबीची प्रार्थना आठ मिनिटांत १०८ वर पोचत असेल, तर शब्द गिळले जातायत किंवा अंगठा एकटाच जप करतोय.

मधेच मन भरकटलं तर मागचे बाद करायचे का? बहुतेक साध्या काउंटरना वजाबाकी येत नाही, आणि ते बरंच आहे. ज्या शब्दावर भान आलं तिथून पुढे म्हणायचं. बाद करत बसलं की पुढच्या प्रत्येक आवर्तनावरचा भरवसा उडतो.

काही जप-अॅपांत ‘तुमच्यासाठी आम्ही प्रार्थना करू’ अशी पैसे भरून घ्यायची सेवा असते. ती टाळा. २००६ साली अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांतल्या १,८०२ बायपास रुग्णांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. परक्यांनी केलेल्या प्रार्थनेने गुंतागुंत कमी झाली नाही. प्रार्थना नक्की होणार हे माहीत असलेल्यांत गुंतागुंत ५९ टक्के होती, तर तसं पक्कं माहीत नसलेल्या दोन गटांत ५१ आणि ५२ टक्के. माणूस स्वतः जी प्रार्थना करतो तिचा निकाल यात लागत नाही. पण तीच दुसऱ्याकडे द्यायची, तर हा काउंटर तरी कशाला घ्यायचा?

शेवटची एक खोड. पाच आकडी पडदा ९९,९९९ पर्यंतच जातो. लाखाचा संकल्प धरला असेल तर नेमक्या लाखाव्या दाबाला पडद्यावर पाच शून्यं दिसतील. घाबरू नका, मशीन बिघडलेलं नाही.