सेंट पँक्रासचं हॉटेल: खोली घेताना विंग बघून घ्या

लंडनमध्ये युस्टन रोडवर, सेंट पँक्रास रेल्वे स्टेशनाला लागून असलेलं लाल विटांचं, मनोऱ्यांचं सेंट पँक्रास हॉटेल दिसलं की तिथेच राहायचं असं मनात येतं. पैसे भरण्याआधी मात्र बघा, खोली ‘चेंबर्स’मधली आहे की ‘बार्लो’ विंगमधली. चेंबर्स म्हणजे जुनी वास्तू, तिथे फक्त 38 स्वीट्स आहेत. बाकीच्या दोनशेच्या घरातल्या खोल्या मागच्या नव्या बार्लो विंगेत. त्या वाईट नाहीत, पण त्यांच्यासाठी मुद्दाम या पत्त्यावर यायची गरज नाही.

ही वाटणी मालकाच्या हिशेबातून आली आहे, आणि इमारत वाचली ती त्यामुळेच. वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचं हे हॉटेल ‘मिडलंड ग्रँड’ या नावानं 1873 मध्ये सुरू झालं, 1935 मध्ये बंद पडलं. आगीपासून बचाव म्हणून मजले जाडजूड काँक्रीटचे केलेले. त्यातून नवे पाइप नेणं जिकिरीचं, आणि खोलीला लागून बाथरूम नाही म्हटल्यावर पैसेवाली गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली. मग रेल्वेच्या कचेऱ्या, पाडण्याचा घाट, 1967 मध्ये ‘ग्रेड वन’चा, म्हणजे वारसा इमारतींना मिळणारा सर्वांत वरचा दर्जा. दर्जा मिळाला म्हणून डागडुजीचा खर्च कुणी देत नाही. वापर नसलेल्या इमारतीत आधी पन्हळी तुंबतात, पाणी भिंतीत मुरतं आणि गिलाव्याचे पोपडे सुटतात.

‘मॅनहॅटन लॉफ्ट कॉर्पोरेशन’चे बिल्डर हॅरी हँडल्समन यांनी वरच्या भागात 67 फ्लॅट काढले आणि हॉटेलच्या बहुतेक खोल्या नव्या विंगेत बसवल्या. त्यामुळे जुन्या दालनांत पार्टिशन ठोकून खोल्यांची संख्या वाढवायची वेळ आली नाही. 2011 मध्ये हॉटेल पुन्हा उघडलं. वारसा जपतो म्हणणारे बिल्डर पुष्कळदा दर्शनी भिंत तेवढी ठेवून आतलं सगळं पाडतात. इथे आतलंही राहिलं.

याचा पुरावा म्हणजे मुख्य जिना. मधली रांग वर जाऊन दोन्हीकडे फाटते. पायऱ्यांच्या खालून बघा: नक्षीदार लोखंडी तुळया उघड्याच ठेवल्यात, प्लास्टरखाली दडवलेल्या नाहीत. लाल भिंतींवर सोनेरी फुलं, वर चांदण्या रंगवलेलं छत. हा जिना चेंबर्सच्या बाजूला आहे आणि बाहेरच्यांना सहसा जाऊ देत नाहीत, म्हणून विंगेचा एवढा आग्रह.

चेंबर्समध्येही सगळ्या खोल्या सारख्या नाहीत. त्या काळी भारी खोल्या खालच्या मजल्यांवर असत, त्यामुळे छताची उंची हवी असेल तर खालचा मजला मागा. समोरच्या खिडक्या थेट युस्टन रोडवर उघडतात; झोप सावध असणाऱ्यांनी रस्त्याकडची बाजू टाळावी.

लॉबी म्हणजे पूर्वी घोडागाड्या आत येत तो रस्ता. त्यावर काचेचं छत घातलंय. शेजारचा बार जुन्या तिकीटघरात आहे. उंच छत आणि विटांच्या भिंती, त्यामुळे गर्दीत आवाज घुमणारच. निवांत बोलायचं असेल तर दुपारी जा.

चेंबर्सचं भाडं झेपत नसेल तर बार्लो विंगेत पैसे घालवू नका. मुक्काम दुसरीकडे करा, इथे बारमध्ये बसा, मग स्टेशनात वरच्या मजल्यावर जाऊन 1868 ची, इंजिनिअर बार्लोनं बांधलेली गाड्यांवरची शेड बघा: 73 मीटर रुंद, मधे एकही खांब नाही. खांब आहेत ते खालच्या मजल्यावर, आणि त्यांच्यामधलं अंतर बिअरच्या पिंपांच्या मापानं ठरवलेलं, कारण रेल्वे तिथे पिंपं साठवायची. शेड बघायला तिकीट लागत नाही.