घाटाच्या मॉडेलसाठी दोन टक्क्यांचा तयार चढ: वुडलँड सीनिक्सचा इन्क्लाइन सेट

एचओ मापात (खऱ्याच्या १/८७ आकाराच्या मॉडेल रेल्वेत) घाट बांधताना घोडं अडतं ते चढावर. डोंगर, बोगदे, झाडं मागाहून कधीही करता येतात, पण चढ एकदा वाकडा बसला की वरचं सगळं उचकटल्याशिवाय सुधारत नाही. वुडलँड सीनिक्स या मॉडेल-सामानाच्या कंपनीचा दोन टक्क्यांचा (दर १०० इंचांना २ इंच चढणारा) इन्क्लाइन सेट हे एकच काम करायला बनवलाय आणि ते तो चोख करतो. अडचणी येतात त्या चढाच्या दोन टोकांना आणि वळणांवर. सेटच्या जोरावर ते आपोआप होईल असं कोणी समजू नये.

आत पांढऱ्या, थर्माकोलच्या जातीच्या फोमचे दोन-दोन फुटांचे आठ तुकडे असतात. रुंदी अडीच इंच. दोन्ही बाजूंनी आलटून-पालटून चिरा दिलेल्या असल्याने तुकडा आडवा हवा तसा वळतो. पहिला तुकडा जवळपास शून्य जाडीपासून सुरू होतो आणि आठव्याच्या शेवटी, म्हणजे १६ फुटांनंतर, आपण पावणेचार इंचांच्या थोडं वर पोचतो. त्याहून उंच जायचं असेल तर चार इंची सपाट रायझर (सगळीकडे सारख्या जाडीचा फोमचा तुकडा) खाली घालून त्यावर पुन्हा पहिल्या तुकड्यापासून सुरुवात करायची. तीन आणि चार टक्क्यांचेही सेट मिळतात. कोळशाच्या लांब गाड्या चालवायच्या असतील तर चार टक्क्यांच्या वाटेला जाऊ नका.

दोन टक्केच का, हे खऱ्या मार्गांकडे पाहिलं की कळतं. अमेरिकेतली व्हर्जिनियन रेल्वे १९०९ मध्ये पूर्ण झाली, ती वेस्ट व्हर्जिनियाच्या खाणींमधला कोळसा समुद्रापर्यंत नेण्यासाठीच. तिथल्या एल्मोर ते क्लार्क्स गॅप या चढाची तीव्रता २.०७ टक्के होती. भरलेल्या गाड्या तिथे इतक्या जेरीला येत, की १९२० च्या दशकात कंपनीने हा टापू विजेवर नेला. तो चढ करायचा तर हा सेट जणू त्याच्याच मापाचा आहे. आपला कसारा घाट जास्त कडक आहे: ३७ ला १, म्हणजे २.७ टक्के. ते वाचून नाशिकमधले बरेच जण थेट तीन टक्क्यांचा सेट मागवतात. आमच्या मते घाटासाठीसुद्धा दोनचाच घ्यावा, आणि त्याचं कारण वळणं.

मॉडेलची वळणं खऱ्यापेक्षा कितीतरी तीव्र असतात आणि चाकांचं घर्षण चढात भर घालतं. एचओसाठी सोपा हिशेब असा: ३२ ला वळणाच्या त्रिज्येने (इंचांत) भागा आणि उत्तर चढाच्या टक्क्यांत मिळवा. ३० इंच त्रिज्येवर १.०७ टक्के वाढतात, २४ इंचांवर १.३३. म्हणजे ३० इंचांच्या वळणावर दोन टक्क्यांचा चढ इंजिनाला तीन टक्क्यांहून जड पडतो. कसारा घाटाचा दम तिथेच येऊन जातो. त्यावर तीन टक्क्यांचा फोम टाकला तर चार टक्क्यांच्या वर जाल.

ताकदीचा हिशेबही आधी करून ठेवावा. सहा इंची कोळशाच्या डब्याचं शिफारस केलेलं वजन १ औंस अधिक दर इंचाला अर्धा औंस, म्हणजे ४ औंस, अंदाजे ११३ ग्रॅम. वीस डबे सव्वादोन किलो भरतात. दोन टक्क्यांच्या सरळ चढावर त्यांना चढासाठी ४५ ग्रॅम आणि चाकं फिरवायला साधारण तेवढीच ओढ लागते, मिळून ९०. साडेचारशे ग्रॅमचं चांगलं इंजिन आपल्या वजनाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकं ओढतं, म्हणजे ९० ते ११०. सरळ मार्गावर जेमतेम भागतं. ३० इंचांच्या वळणावर गरज ११५ पर्यंत जाते आणि चाकं जागच्या जागी फिरू लागतात. कसाऱ्याला गाडीमागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं, लागून इगतपुरीला सुटतात, तसंच इथेही करायला हवं. मॉडेलमध्ये बँकर शोभेचा नसतो, तो लागतोच. सगळ्या डब्यांना धातूची चाकं आणि एकसारखं वजन द्या, नाहीतर मागून ढकलताना मधला हलका डबा वळणावर उचलला जातो.

आता बसवण्याचं काम. प्लायवर आधी मार्गाची मध्यरेषा काढा आणि तिच्यावरच, वळणासकट, दर दोन फुटांवर खूण करा. फोमचा प्रत्येक सांधा बरोबर त्या खुणेवर आला पाहिजे. यात कंटाळा करून चालत नाही. वळवताना तुकडा ताणला गेला तर चढ कमी होतो, दाबला गेला तर वाढतो, आणि डोळ्याला ते दिसत नाही. बसवताना टाचण्यांनी अडकवून घ्या आणि पाणसळीने तपासा. ६० सेंमीच्या पाणसळीच्या उताराकडच्या टोकाखाली बरोबर १२ मिमीची चकती चिकटवली की दोन टक्क्यांवर बुडबुडा मध्ये येतो. मोबाइलच्या ॲपपेक्षा हे जास्त भरवशाचं. दोन टक्के म्हणजे १.१५ अंश, आणि ॲपचा दशांश तिथे कमी पडतो.

सेटची खरी उणीव म्हणजे सपाटीवरून चढ एकदम सुरू होतो. तिथे कोन तयार होतो. लांब सहा-ॲक्सल इंजिनाची मधली चाकं हलकी होतात, वाफेच्या इंजिनाचा वीजसंपर्क तुटतो. वरच्या टोकाला उलटं होतं, डबे जोडणारे कपलर एकमेकांवरून सरकून सुटतात. दर एक टक्का बदलासाठी निदान एक फूट लांबीचा गोलावा हवा, म्हणजे इथे दोन फूट. त्या दोन फुटांच्या मधोमध, जिथे फोम सुरू होतो, तिथे रूळ कोनापेक्षा दीड मिमी उंच हवा. तिथे दीड मिमीचा पुठ्ठा लावा आणि दोन्ही बाजूंना एक-एक फुटात शून्यावर आणा. पुठ्ठ्याचे तीन-चार पातळ थर पायऱ्यापायऱ्यांनी लावून वर पॉलिश पेपर फिरवला की झालं. वरच्या टोकाला मधोमध दीड मिमी घासून काढायचा. लाकडावरच्या कानशीने फोमचे मणी सुटतात, म्हणून तिथे सपाट ठोकळ्यावर गुंडाळलेला ८० नंबरचा पॉलिश पेपर वापरा. पहिल्या तुकड्याचं पातळ टोक हाताळताना हमखास तुटतं. दोन-तीन इंच कापून त्या जागी पुठ्ठा आणला तरी चालतं.

गोंदाबाबत चूक महागात पडते. रबर सोल्युशनच्या जातीचा गोंद, थिनर, स्प्रे पेंट यांनी हा फोम विरघळतो. साधी ग्लू गनही त्याला वितळवते, कमी तापमानाची लागते. पांढरा फेविकॉल प्लायवर चांगला बसतो आणि रात्रभरात वाळतो. फोमवर फोम चिकटवताना मात्र आत हवा जात नाही, तो अनेक दिवस ओलाच राहतो, त्यामुळे तिथे थेंब-थेंब लावून टाचण्या ठेवा. रुळाचे खिळे फोममध्ये धरत नाहीत. वर ५ मिमी कॉर्क चिकटवा आणि रूळ अ‍ॅक्रिलिक सीलंटच्या पातळ थरावर बसवा.

नाशिकमध्ये तळघर असलेले बंगले थोडे, आणि ज्यांना आहे त्यांना पावसाळ्यात भिंतीची ओल असतेच. फोमला ओलीने काही होत नाही, फुगतो तो खालचा प्लाय. १२ मिमीचा आयएस ७१० मार्कचा (मरीन प्लाय) घ्या, आयएस ३०३ चा (साधा प्लाय) तळघरात टिकत नाही. टेबल भिंतीपासून वीतभर सोडा. गच्चीवरच्या खोलीत ओल नाही, पण उन्हाळ्यात खोली तापते आणि डिसेंबरात थंडगार पडते. १६ फुटांच्या निकेल-सिल्व्हर रुळाची लांबी २५ अंशांच्या फरकाने सुमारे दोन मिमी बदलते. रूळ थंडीत टाकत असाल तर पाच-सहा सांध्यांत प्रत्येकी अर्धा मिमी फट सोडा. फोमवर रूळ फक्त सीलंटने धरलेला असल्याने जागा नसली की तो सरळ उचलला जातो. उंदरांना हा फोम कुरतडायला आवडतो, म्हणून बाजू उघड्या ठेवू नका. सर्जिकल दुकानात मिळणारी प्लास्टरची पट्टी भिजवून दोन थर लावले की डोंगराचा पायाही तयार होतो. परदेशी प्लास्टर क्लॉथ मागवायची गरज नाही.

पुलांवर हा सेट वापरू नये आणि बोगद्यांत जपून वापरावा. फोम खालून भरीव असतो. कसारा घाटातल्या एहेगावच्या पुलासारखी रचना करायची तर कमानीआधी फोम थांबवून पुढे ६ मिमी प्लायची पट्टी न्यावी लागते. बोगद्याच्या आत डबा घसरला तर खालून हात घालायला जागा उरत नाही, म्हणून डोंगराला मागून उघडणारं झाकण ठेवा. एका मार्गावरून दुसरा न्यायचा तर रुळाच्या माथ्यापासून तीन इंच मोकळे हवेत. एका सेटच्या उंचीतून कॉर्क, रूळ आणि वरचा प्लाय वजा केला की या तीन इंचांच्या वर जेमतेम अर्धा सेंटिमीटर शिल्लक राहतो. विजेच्या तारा आणि पँटोग्राफ दाखवायचे असतील तर वर आणखी अर्धा इंची रायझर घाला.

एक गोष्ट घाट रंगवणाऱ्यांनी लक्षात घ्यावी: नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीजकेंद्राचा कोळसा मनमाडकडून येतो, तो कसारा घाट चढत नाही. कोळशाची गाडी चढावर हवीच असेल तर व्हर्जिनियन निवडा. कसारा करत असाल तर इतर मालगाड्या चालवा.

खरेदीचं म्हणाल तर वजन नगण्य आणि आकार मोठा, त्यामुळे हवाई कुरिअर खोक्याच्या आकारावर पैसे लावतं आणि भाडं मालाच्या किमतीला गाठतं. एकट्याने एक सेट मागवण्यापेक्षा दोघा-तिघांनी एकत्र मागवा. तिघांत प्रत्येकाला एक सेट आणि वर चार इंची रायझरचं एक पाकीट पुरतं. स्वतः गरम तारेने थर्माकोल कापणाऱ्यांना स्वस्त पडतं, पण पॅकिंगचं हलकं थर्माकोल दाबाने बसतं आणि १६ फुटांत सलग दोन टक्के हाताने कापणं कठीण. जिगसॉ चांगली चालवणाऱ्याने प्लायची पट्टी कापून खालून टेकू द्यावेत. गोलावा प्लाय स्वतःच घेतो, आणि असा हात असेल तर या सेटवर पैसे घालायची गरज नाही.