खुरूज-औदा नव्हता, व्हिसाही खोटा: बहरीनला जाणाऱ्या सौदीतल्या भावांनो, हे वाचा

मी सात वर्षं सौदीतल्या जुबैलला एका प्लांटमध्ये पाइपफिटर आहे. मोठा भाऊ बहरीनच्या राजधानीत, मनामात असतो. मध्ये फक्त किंग फहद कॉजवे, म्हणजे समुद्रावरचा पूल, 25 किलोमीटरचा, 1986 पासून सुरू असलेला. एवढं जवळ असूनही सात वर्षांत मी एकदाही त्याच्याकडे गेलो नव्हतो. मग त्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. बुधवारी रात्री त्याचा फोन आला, शनिवारी ऑपरेशन. दवाखान्यात सोबत कुणी नाही.

गुरुवारी सकाळी एचआरला सांगितलं, तर उत्तर मिळालं, रविवारी या. तिथेच मी घाबरलो आणि कॅम्पमध्ये नेहमी येणाऱ्या एका माणसाला फोन लावला. तिकिटं, पैसे पाठवणं, फॅमिली व्हिजिट, असली कामं तो करायचा. मराठी बोलायचा, स्वतःला गाववाला म्हणवायचा. त्याच्या तोंडची भाषा ऐकून मी निम्मा निर्धास्त झालो, हे खरं आहे. म्हणाला, "भाऊ, तू फक्त बॅग भर. दोन्ही कागद उद्या सकाळी तुझ्या मोबाईलवर. साडेसातशे रियाल." मी लगेच पाठवले.

आता हे दोन कागद काय ते नीट समजून घ्या, कारण सगळी फसवणूक त्यांच्यातल्या गोंधळावर चालते. पहिली परवानगी सौदीतून बाहेर पडून परत येण्याची, म्हणजे खुरूज-औदा. ती सौदी देतो. दुसरी बहरीनमध्ये शिरण्याची, ती बहरीन देतो. एक असली म्हणून दुसरी मिळत नाही. एका फेरीच्या खुरूज-औदाची सरकारी फी 200 रियाल, दोन महिन्यांपर्यंत. पुढच्या प्रत्येक महिन्याला 100. तीन महिन्यांत अनेकदा ये-जा करायची असेल तर 500. 2021 च्या मार्चपासून खासगी कंपनीतल्या कामगाराला अबशर या सौदी सरकारच्या ॲपवरून स्वतः अर्ज करता येतो, कंपनीला त्याची फक्त सूचना जाते. घरकामगार, खासगी ड्रायव्हर, माळी, मेंढपाळ आणि घराचे राखणदार यांना मात्र ही सोय नाही. मला यातलं काहीही माहीत नव्हतं. कंपनीत सात वर्षं सगळं एचआरच करत आलं, आपण फक्त सही करायची.

गुरुवारी रात्री अकराला त्याचा फोन आला. "नफाथ उघड. तीन आकडे दिसतील, त्यातला 47 दाब. खुरूज-औदा निघतोय." नफाथ म्हणजे आपली ओळख पटवायचं सौदी सरकारचं ॲप. स्क्रीनवर वर दोन ओळी अरबी होत्या, खाली तीन गोल आकडे. मी 47 दाबला, कॅमेऱ्यात चेहरा दाखवला. दहा मिनिटांनी पुन्हा फोन, "सिस्टिम स्लो आहे, आता 12." पुन्हा चेहरा. असं चार वेळा झालं. त्या दोन अरबी ओळी शेजारच्या खाटेवरच्या सुदानी मित्राने मला वाचून दाखवल्या असत्या. तो जागाच होता.

शुक्रवारी सकाळी एक पीडीएफ आली. वर बहरीनचं बोधचिन्ह, माझं नाव, पासपोर्ट नंबर, अर्ज क्रमांक, कोपऱ्यात चौकोनी कोड. खुरूज-औदाबद्दल विचारलं तर म्हणाला, "तो कागदावर नसतो, सिस्टिममध्ये असतो." हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून ते पचतं. सिस्टिममध्ये असतो हे खरं, पण सिस्टिममध्ये असेल तर आपल्या अबशरमध्येही दिसतो. मी अबशर उघडलंच नाही.

खोबरहून मित्राच्या गाडीने निघालो. कॉजवेच्या मध्यावर बेट आहे, तिथे आधी सौदीचं जवाजात, म्हणजे पासपोर्ट तपासणारं खातं, मग बहरीनचं काउंटर. खिडकीतल्या पोराने इकामा, म्हणजे सौदीतलं रहिवासी कार्ड, घेतला, टाइप केलं, पुन्हा टाइप केलं आणि म्हणाला, "माफी खुरूज-औदा," म्हणजे खुरूज-औदा नाही. मी मोबाईलवरचा व्हिसा दाखवला. त्याने तो पाहिलाही नाही. त्याचा प्रश्न वेगळाच होता. मागे गाड्यांची रांग. मित्राने गाडी वळवली. त्याच बेटावरून मी दादाला फोन केला, येत नाही म्हणून. तो "बरं, बरं" एवढंच म्हणाला.

एजंटचा फोन बंद होता तो आजतागायत बंदच. रात्री बहरीनच्या ई-व्हिसाच्या सरकारी साइटवर तो अर्ज क्रमांक आणि माझा पासपोर्ट नंबर टाकला. काही सापडलं नाही. कुणाच्या तरी जुन्या व्हिसावर माझं नाव चिकटवलं होतं.

पैसे गेले त्याचं मला एवढं काही नाही. खरा धक्का नंतर बसला. एचआरमधल्या एकाने विचारलं, नफाथ किती वेळा दाबलंस? मग संचार खात्याच्या साइटवर माझ्या इकाम्यावर किती मोबाईल नंबर आहेत ते काढलं. माझा एक. आणि चार नवे, सगळे त्याच गुरुवारी रात्रीचे. चार वेळा चेहरा, चार ई-सिम. त्या नंबरांवरून कुणी कुणाला लुबाडलं तर पोलिसांच्या कागदावर पहिलं नाव माझं येणार. ते बंद करायला दोन दिवस सुट्टी टाकावी लागली. हे साधं काम आजच करा. आपल्या इकाम्यावर कोणते नंबर आहेत ते बघा आणि जो आपला नाही तो बंद करून घ्या. नफाथवरचा आकडा आपण स्वतः सुरू केलेल्या कामासाठीच दाबायचा. फोनवर कुणी आकडा सांगत असेल, तो कितीही आपला वाटो, फोन ठेवा.

रविवारी एचआरने खुरूज-औदा काढला, अर्ध्या तासात. अबशरमध्ये लगेच दिसला. बहरीनचा व्हिसा मी त्यांच्या साइटवरून स्वतः भरला. पुढच्या शुक्रवारी पोचलो तेव्हा दादा घरी आला होता, स्वतः उठून चहा करत होता.

काल कॅम्पमधला एक नवा पोरगा खोलीवर आला. त्याला बहरीनचा व्हिसा मिळालाय म्हणे, जाताना काय काय लागतं ते विचारायला. मी पीडीएफ मागितली. नाव त्याचं, पासपोर्ट त्याचा, अर्ज क्रमांक माझाच. नफाथ त्याने दोनदा दाबलं होतं. त्याच्या नावावरचे दोन नंबर आम्ही रात्रीच शोधून काढले, आणि उद्या ड्युटी सुटली की दोघांचे कागद घेऊन पोलीस ठाण्यात जातोय. जुबैल-दम्माम भागात अजून कुणाकडे असा व्हिसा असेल, तर तो कागद पुसून टाकू नका, जपून ठेवा आणि तुम्हीही तक्रार द्या.