पुण्याहून बेंगळुरूला गाडी ट्रेलरवरून पाठवली: बांधणी पाहून दिलेला अभिप्राय

भाचीची बदली बेंगळुरूला झाली आणि तिची बलेनो तिकडे न्यायची होती. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीतल्या एका कार कॅरिअरवाल्यांकडून ती पाठवली. मी कोल्हापुरात एका शोरूमच्या स्टॉकयार्डात कामाला आहे. चाकणहून येणाऱ्या नव्या गाड्या ट्रेलरवरून उतरवून घ्यायच्या आणि कुठे काय लागलंय ते कागदावर नोंदवायचं, हेच माझं रोजचं काम. त्यामुळे भाडं किती आणि ॲप कसं आहे याच्याआधी मी बांधणी बघतो. यांची बांधणी उत्तम आहे. बाकी तक्रारी आहेत, त्याही सांगतो.

बुकिंगच्या वेळी मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारत होतो: पट्टा कुठे घालता? बहुतेकांचं उत्तर, "साहेब, टेन्शन घेऊ नका, सगळं सेफ असतं." या एकाच ठिकाणी फोनवर पलीकडच्या बाईंनी सरळ सांगितलं, "चाकावर. चारही चाकांना. यार्डात येऊन बघा हवं तर." मी गेलो.

हा प्रश्न का महत्त्वाचा, ते सांगतो. खासगी गाड्या नेणाऱ्यांपैकी बरेच जण हुक खालून बॉडीच्या सांगाड्याला नाहीतर जिथे सापडेल तिथे अडकवतात आणि गाडी खाली ओढून घेतात. बघायला गाडी अगदी पक्की दिसते. पण तिथे स्प्रिंग दाबून धरलेली असते. ट्रेलर खड्ड्यात आपटला की स्प्रिंग आणखी दबते, पट्टा क्षणभर सैल पडतो, आणि गाडी वर उसळताना त्याला झटका बसतो. हे शेकडो किलोमीटर चालतं. त्यात एखादा हुक सुटतो. नाही सुटला तर ब्रेक पाइपला किंवा चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या रबरी बूटला, म्हणजे आवरणाला, घासत राहतो. असं नुकसान उतरवताना दिसत नाही. बूट फाटून ग्रीस बाहेर पडतं, काही महिन्यांनी वळणावर कटकट आवाज येऊ लागतो आणि तोवर ट्रान्सपोर्टवाल्याला विचारायची वेळ निघून गेलेली असते. कंपनीने खास बांधणीसाठी दिलेली जागा असेल आणि तिथे बसणारा योग्य हुक असेल तर गोष्ट वेगळी. अंदाजाने कुठेही हुक टाकणं मला अजिबात मान्य नाही.

चाकावरून पट्टा घातला की टायर ट्रेलरच्या डेकला, म्हणजे गाडी उभी असते त्या तळाला, जखडला जातो आणि वरची गाडी आपल्या स्प्रिंगवर मोकळी राहते. यार्डात बांधणीला बीडचा एक पोरगा होता, त्याने हे एका वाक्यात सांगितलं: "काका, गाडी हलू द्यायची, चाक नाय हलू द्यायचं."

त्याचं काम मी उभा राहून पाहिलं. आधी प्रत्येक पट्टा हातातून सरकवत कडा तपासल्या. एकाची कड कातरलेली निघाली, तो त्याने बाजूला टाकला. हुक डेकच्या भोकात अडकवला, पट्टा टायरच्या नक्षीवरून पलीकडे नेला. पट्ट्यावर रबरी ठोकळे ओवलेले होते, ते एकेक करून नक्षीच्या खाचेत बसवले, म्हणजे पट्टा कडेला घसरत नाही. मग रॅचेट, म्हणजे दांडी मारून पट्टा ताणायची खटकी. दांडी मारताना पट्टा रिळावर दोन-तीन वेढे बसेल एवढाच ठेवला होता. कमी वेढे असले तर निसटतो, जास्त असले तर रीळ भरून नीट ताण येत नाही. शेवटी दांडी सपाट पाडून कुलूपबंद केली आणि उरलेलं टोक गुंडाळून गाठ मारली. हे टोक मोकळं राहिलं तर वाऱ्याने फडफडून दरवाजाचा रंग घासून काढतं. आमच्याकडे उतरणाऱ्या गाड्यांवर ते ओरखडे मी ओळखतो. पुढच्या चाकांच्या पुढे आणि मागच्या चाकांच्या मागे लोखंडी गुटके लावले, गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक वर. तरी गिअर, हँडब्रेक हे फक्त जोडीला. खरा भार पट्ट्यांनी घ्यायचा असतो. युरोपातल्या मानकात जोरात ब्रेक लागला तर मालाच्या वजनाच्या 80 टक्के ताकद पुढच्या दिशेने धरतात, बाजूला आणि मागे 50 टक्के. बलेनोसारख्या टनाच्या आतल्या गाडीलाही ती पुढच्या दिशेला साडेसातशे किलोच्या आसपास जाते.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. ड्रायव्हरने सांगितलं की खंबाटकी घाट चढण्याआधी तो थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळतो. नवा ताणलेला पट्टा पहिल्या काही किलोमीटरमध्ये थोडा बसतोच. अमेरिकेत पहिल्या 50 मैलांच्या आत माल पुन्हा तपासायचा नियमच आहे. इथे हा माणूस मनानेच ते करतो. वाटेतूनच त्याने भाचीला चारही चाकांचे फोटो पाठवले. न मागता.

आता तक्रारी. ट्रेलरचा वरचा मजला देतो असं फोनवर कबूल केलं होतं, प्रत्यक्षात बलेनो खाली गेली आणि तिच्या वर एक जुनी डिझेल जीप चढली. बेंगळुरूत गाडी उतरली तेव्हा बॉनेटवर तेलाचे थेंब होते. इंजिन ऑइल होतं म्हणून पुसून गेलं. ब्रेक ऑइल असतं तर रंग उचकटला असता. जुन्या गाडीखाली ट्रे बांधायला किंवा खालच्या गाडीवर कव्हर घालायला कितीसा खर्च येतो? इतकी छान बांधणी करणाऱ्यांनी हे सोडावं याचं खरंच वाईट वाटलं.

दुसरी तक्रार कागदांची. बिल्टीवर, म्हणजे माल ताब्यात घेतल्याच्या पावतीवर, "ओनर्स रिस्क"चा (जोखीम मालकाची) शिक्का आणि मालाच्या किमतीचा रकाना कोरा. मी तिथेच किंमत लिहायला लावली. कॅरेज बाय रोड कायदा 2007 सालचा आहे. जास्त किंमत जाहीर केली नसेल तर नुकसानीची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती राहते. आमचं भाडं अकरा हजारांच्या आसपास, म्हणजे लाख-सव्वा लाख. गाडी त्याच्या कितीतरी पट महाग. आणि दाव्यासाठी लेखी नोटीस बुकिंगपासून 180 दिवसांच्या आत द्यावी लागते, हेही कुणी सांगत नाही. ट्रान्झिट विमा आम्ही वेगळा घेतला, त्याचा आग्रह मी कुणालाही करीन.

तिसरं, ट्रेलर बेंगळुरूबाहेरच्या नेलमंगलाच्या यार्डापर्यंतच जातो. पुढे "घरपोच" म्हणजे त्यांचा माणूस तुमची गाडी शहरातून चालवत आणतो. भाची स्वतः जाऊन घेऊन आली. उतरवताना तिथल्या माणसाने नोंदीचा कागद सहीसाठी पुढे केला, तिने मात्र आधी बंपरची खालची कड, रिम आणि छत बघितलं, फोटो काढले, मगच सही केली. रॅम्पवर बंपरची खालची कडच आधी लागते, आणि आपण खाली वाकून बघितल्याशिवाय ती दिसत नाही.

देण्याआधी आम्ही टाकी पाव भागावर आणली होती, आतलं सामान सगळं काढलं होतं आणि फास्टॅगवर ॲल्युमिनियम फॉइल चिकटवलं होतं, कारण ट्रेलरवर बसलेल्या गाडीचाही टॅग नाक्यावर वाचला जाऊन पैसे कटतात. यार्डातल्या बाईंनीच ही आठवण करून दिली.

ट्रेलर भरेपर्यंत गाडी निगडीतच थांबली, त्यामुळे सांगितलेल्या तारखेपेक्षा उशीर झाला. घाई असेल तर त्यांना स्पष्ट विचारून घ्या. पाचपैकी चार तारे देतो. पुढच्या वर्षी भाची परत आली तर गाडी यांच्याकडेच देईन, पण "वरचा मजला" हे बिल्टीवर लिहून घेऊनच.