स्लेव्ह व्हॉयेजेस डेटाबेस : आठ महिन्यांच्या वापरानंतर

पश्चिम आफ्रिकेचा इतिहास मन लावून वाचणाऱ्याने हे संकेतस्थळ वापरायलाच हवं. गुलाम घेऊन अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजांच्या ३६ हजारांहून अधिक खेपांची इथे एकेक करून नोंद आहे. जहाजाचं नाव, कप्तान, झेंडा, आफ्रिकेतलं बंदर, किती माणसं चढवली, किती जिवंत उतरली, सगळं. १९९९ मध्ये हे काम सीडीवर निघालं तेव्हा सुमारे २७ हजार खेपा होत्या. २००८ पासून ते वेबवर सर्वांना फुकट आहे. साधन अव्वल आहे यात शंका नाही. पण मुळात ही जहाजमालकांची, विमेकऱ्यांची आणि बंदरातल्या कारकुनांची खतावणी आहे. तिच्यातून आफ्रिका वाचायची असेल तर फिल्टर युरोपी झेंड्यांवर न लावता आफ्रिकेतल्या घडामोडींच्या वर्षांवर लावा. या एका सवयीने निकालांचा अर्थच बदलतो.

सुरुवातीला सगळेच एका ठिकाणी अडखळतात. 'व्हॉयेजेस' आणि 'एस्टिमेट्स' हे दोन वेगळे विभाग आहेत आणि त्यांचे आकडे जुळत नाहीत. ते जुळायचेही नाहीत. पहिल्यात फक्त कागद सापडलेल्या खेपा आहेत. दुसऱ्यात न सापडलेल्यांचाही अंदाज धरलेला आहे. एकूण १ कोटी २५ लाख माणसं चढवली आणि १ कोटी ७ लाख उतरली, हे सगळीकडे दिसणारे आकडे 'एस्टिमेट्स'मधले आहेत. मधली १८ लाख माणसं समुद्रातच गेली. एकूण बेरीज हवी असेल तर 'एस्टिमेट्स' बघा, एखादं जहाज, बंदर किंवा कप्तान शोधायचा असेल तर 'व्हॉयेजेस'. एकाच तक्त्यात दोन्हींचे आकडे मिसळले की हिशेब हमखास चुकतो.

प्रदेशवार अंदाज पाहिले की आणखी एक समज दुरुस्त होतो. बेनिनच्या उपसागरातून सुमारे २० लाख, बियाफ्राच्या उपसागरातून १६ लाख, गोल्ड कोस्टवरून १२ लाख, सेनेगांबियातून साडेसात लाख. पण सगळ्यांत मोठा आकडा, सुमारे ५७ लाख, अंगोला-काँगोच्या किनाऱ्याचा आहे आणि तो पश्चिम आफ्रिकेत मोजायचा नाही. उतरण्याच्या बाजूला एकट्या ब्राझीलमध्ये ४९ लाखांच्या आसपास माणसं आहेत, तर आजच्या अमेरिकेच्या मुख्य भूमीवर थेट आफ्रिकेतून आलेली चार लाखांच्याही आत.

फाइल उतरवून घेतली की रकान्यांची नावं नीट वाचा. शेवटी 'इम्प' असलेले रकाने कागदावरून आलेले नाहीत, सूत्राने भरलेले आहेत. एखाद्या खेपेत किती उतरले एवढंच माहीत असेल तर किती चढले हे सरासरी मृत्युदरावरून मागे मोजून काढलेलं असतं. अशा दोन रकान्यांची वजाबाकी करून मृत्युदर काढला तर जो गृहीत धरला होता तोच परत हातात येतो. म्हणून मृत्युदरासाठी प्रत्यक्ष नोंदवलेले आकडे असलेल्या खेपाच घ्या. त्या संख्येने कमी भरतात, आणि ती संख्या निष्कर्षाशेजारी लिहायलाच हवी. स्त्रिया आणि मुलांच्या टक्केवारीलाही हेच लागू. रिकामी घरं शून्य धरू नका, नाहीतर सरासरी कोसळते. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट न उघडता इम्पोर्ट करून यूटीएफ-८ निवडा, म्हणजे पोर्तुगीज नावांची अक्षरं बिघडत नाहीत.

जहाज नावावरून शोधणं सर्वांत बेभरवशाचं. झाँग हे जहाज घ्या. ते मुळात डच, नाव झोर्ग, म्हणजे 'काळजी'. १७८१ मध्ये इंग्रजांनी ते पकडलं आणि नाव बदललं. कप्तान ल्यूक कॉलिंगवूड हा आधी जहाजावरचा शल्यवैद्य होता. ऑगस्टमध्ये ४४२ माणसं घेऊन ते अक्राहून निघालं आणि डिसेंबरमध्ये जमैकाला पोचलं तेव्हा २०८ उरली होती. वाटेत १३० च्या आसपास माणसं जिवंत समुद्रात फेकली गेली, आणि मालकांनी माणशी ३० पौंड विमा मागितला. १७८३ चा खटला त्या विम्याच्या पैशांसाठी होता, खुनासाठी नव्हे. आता मृत्यूचा रकाना बघा. तिथे चढले वजा उतरले, एवढंच. हगवणीने किती गेले आणि फेकले किती, हे त्या आकड्यातून कळत नाही. प्रत्येक नोंदीखाली स्रोतांची यादी असते, ती उघडल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बंदर म्हणजे माणसाचं गाव नव्हे. बियाफ्राच्या उपसागरातल्या बॉनी बंदरातून चढवलेली बहुतेक माणसं आतल्या इग्बो मुलखातली होती. बेनिनच्या उपसागरावरचं विदाह बंदर निवडून १७२० ते १७३५ पाहा. दाहोमी राज्याने १७२४ मध्ये शेजारचं अल्लाडा आणि १७२७ मध्ये विदाह जिंकलं, हे लक्षात असेल तर त्या वर्षांतले चढउतार बोलू लागतात. तसंच लागोस. तिथली एकोणिसाव्या शतकातली वाढ ओयो साम्राज्य कोसळताना झालेल्या योरुबा युद्धांशिवाय समजत नाही. गोल्ड कोस्टवरचा एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधला तो सोन्यासाठी, आणि सुरुवातीला ते बेनिनकडून गुलाम आणून तिथल्या आकान व्यापाऱ्यांना सोन्याच्या बदल्यात विकत असत. अमेरिकेकडे जाणाऱ्या जहाजांच्या यादीत हा व्यवहार कुठून सापडणार?

नावांच्या बाबतीत सावध राहा. बेनिनचं राज्य आजच्या नायजेरियात आहे, तर बेनिन हा देश म्हणजे १९७५ पर्यंतचा दाहोमी, त्याने नाव घेतलं ते उपसागराचं. १९५७ मध्ये गोल्ड कोस्ट स्वतंत्र होऊन घाना झाला, पण जुनं घाना साम्राज्य तिथून बरंच वायव्येला, आजच्या मॉरिटानिया-मालीच्या सीमेवर होतं. गोल्ड कोस्टवरून नेलेल्या गुलामांना म्हणत त्या 'कोरोमांती' शब्दाला आपल्याकडच्या वाचकाने फसू नये. त्याचा आपल्या चोळमंडलाशी म्हणजे कोरोमंडलशी संबंध नाही, तो गोल्ड कोस्टवरच्या कोरमांतिन किल्ल्यावरून आला. जंजिऱ्याचे सिद्दी किंवा मलिक अंबर या अटलांटिक तक्त्यात शोधू नका, तो हिंदी महासागराकडचा इतिहास आहे. माली, सोंघाई आणि सहाराचे तांडेही इथे नाहीत.

भारताशी जोडणारा खरा धागा गुलामांच्या मोबदल्यात दिलेल्या मालात आहे, आणि तो रकाना इथे नाही. मालदीवच्या कवड्या बंगाल आणि सिलोनमार्गे ॲमस्टरडॅम-लंडनला जात आणि तिथून विदाहला. तिथे ४० कवड्यांची एक माळ आणि ४ हजारांचं एक 'डोकं' असा हिशेब चाले. भारतीय सुती कापडाचीही तिथे मोठी मागणी होती.

'आफ्रिकन ओरिजिन्स' या जोडविभागाला मात्र वेळ द्याच. गुलामांच्या व्यापारावरच्या १८०७ च्या ब्रिटिश बंदीनंतर पकडलेल्या जहाजांवरून फ्रीटाउन आणि हवाना इथे सोडवलेल्या ९१ हजारांहून अधिक माणसांची नावं, वय आणि उंची तिथे आहे. जहाजांच्या तक्त्यात नुसता आकडा असलेला माणूस इथे नावानिशी भेटतो. फ्रीटाउनच्या कारकुनाने नाव इंग्रजी कानाने लिहिलं, हवानाच्या कारकुनाने स्पॅनिश. त्यामुळे एकच नाव चार-पाच स्पेलिंगांनी शोधावं लागतं, आणि आधी मोठ्याने उच्चारून पाहिलं की काम सोपं होतं. अजायी म्हणजे पालथं जन्मलेलं मूल, तायवो आणि केहिंदे म्हणजे जुळी, ही योरुबा नावं. आकान लोकांत जन्मवारावरून नाव ठेवतात. शुक्रवारचा कोफी, शनिवारचा क्वामे. जमैकाच्या मळ्यांच्या कागदांत तेच कफी आणि क्वामिना झाले. घानाचे पहिले पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा यांच्या नावातला क्वामे तो हाच.