जुनी लिंक उघडते, पण कुठून फिरून?

ब्लॉगचे पत्ते बदलून देणारा माणूस शोधत असाल, तर आधी हे वाचा.

माझ्या प्रत्येक लेखाच्या पत्त्यात वर्ष आणि महिना होता. ते काढून फक्त लेखाचं नाव ठेवायचं होतं. माझा ब्लॉग ज्यावर चालतो त्या वर्डप्रेसमध्ये पर्मालिंकची, म्हणजे लेखाच्या पत्त्याच्या रचनेची, सेटिंग बदलणं सोपं आहे. जिवाला घोर होता तो जुन्या लिंकांचा. कुणी आपल्या लेखात संदर्भ म्हणून दिलेल्या, कुणी बुकमार्क करून ठेवलेल्या. त्या तुटल्या की त्या माणसाचा भरवसाही तुटतो. म्हणून काम एका व्यावसायिकाला दिलं. अट एकच: जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर थेट ३०१, म्हणजे कायमचं रीडायरेक्ट: जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्या पत्त्यावर पाठवणं.

काम झालं. जुन्या लिंका उघडून पाहिल्या, सगळ्या योग्य लेखावर पोचल्या. पैसे दिले.

काही महिन्यांनी वाचकांचे मेल येऊ लागले. जुनी लिंक दाबली की कर्जाच्या जाहिराती! डॉट एचटीअ‍ॅक्सेस ही सर्व्हरच्या नियमांची फाइल उघडली, तर वर्डप्रेसच्या ओळींच्या वर त्या व्यावसायिकाचा नियम बसलेला. जुना पत्ता आधी त्याच्या स्वतःच्या डोमेनवर जात होता आणि तिथून माझ्या लेखावर. अ‍ॅड्रेस बारमध्ये फक्त शेवटचा पत्ता उरतो, मधला मुक्काम दिसतच नाही. जाब विचारल्यावर तो म्हणाला, "ती माझी रीडायरेक्ट सेवा आहे. वार्षिक शुल्क भरा, लगेच सुरू करतो." काम ठरवताना शुल्काचं नावही निघालं नव्हतं. माझेच वाचक ओलीस धरून ही उघड खंडणी मागणं झालं, आणि ती मी दिली नाही.

तो नियम काढून टाकल्यावर कळलेली गोष्ट जास्त लागली. वर्ष-महिन्याचे बरेचसे जुने पत्ते वर्डप्रेस लेखाच्या नावावरून आपणहून ओळखतं आणि नव्या जागी पाठवतं. राहिलेल्यांसाठी एका ओळीचा नियम पुरला. एवढ्याचे त्याने घसघशीत पैसे घेतले होते.

"लिंक उघडते" हा पुरावा धरू नका. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क टॅब उघडा, 'प्रिझर्व्ह लॉग'वर खूण करा आणि जुनी लिंक टाका. ३०१ च्या ओळीतलं 'लोकेशन', म्हणजे पुढे कुठे पाठवलं तो पत्ता, बघा. तिथे तुमचंच डोमेन हवं आणि उडी एकच हवी. ३०२ दिसलं तर ते तात्पुरतं रीडायरेक्ट, पैसे थांबवा. सगळ्या जुन्या लिंका मुखपृष्ठावर सोडल्या असतील तरी थांबवा, कारण गुगल त्यांना हरवलेलं पान समजू शकतं. काम संपताच त्याचं अ‍ॅडमिन खातं आणि सर्व्हरचा पासवर्ड, दोन्ही बदला.

आणि ही तपासणी पहिल्याच दिवशी करा. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो. माझ्या बाजूने नियम गेला, तरी ज्यांच्या कॅशमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या साठवणीत, तो मधला पत्ता बसला आहे, ते वाचक अजूनही त्याच्याच डोमेनवर जातात. त्यांनी स्वतः कॅश साफ करेपर्यंत किंवा ती नोंद आपोआप जाईपर्यंत मला इथून फारसं काही करता येत नाही.