उड्या की वजनं? स्पर्धेला दोन महिने उरलेल्या फुटबॉल संघासाठी

परभणी-नांदेडकडच्या कॉलेज संघांपुढे नेहमीचा पेच: स्पर्धा दोन महिन्यांवर, जादा सरावाला आठवड्यातले दोनच दिवस. ते जिममध्ये स्क्वॉट्सला, म्हणजे वजन घेऊन मारायच्या बैठकांना द्यायचे की मैदानावर प्लायोमेट्रिकला, म्हणजे टेकताच पुन्हा झेपावायच्या उड्यांना?

हेडरची उडी, पहिल्या दहा मीटरची धाव, पळता पळता दिशा बदलणं. प्लायोमेट्रिक नेमकं इथे कामाला येतं. पाय टेकताना स्नायू ताणला जातो, लगेच आखडतो आणि ताणात साठलेला जोर पुढच्या झेपेला मिळतो. टेकून रेंगाळलात की तो जोर गेला. त्यामुळे खाली बसून, दम खात मारलेल्या बेडूकउड्या यात धरू नका. आठवड्यातून दोनदा, सहा ते आठ आठवडे केलं तर उडी आणि छोटी धाव सुधारते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. दमसास मात्र यावर सोडू नका, त्याला पळावंच लागतं.

स्क्वॉट्सनी पायांत ताकद येते, धक्काबुक्कीत खेळाडू हलत नाही. पण बारबेल हवा, रॅक हवा आणि पाठ वाकली की ओरडणारा माणूस हवा. तालुक्याच्या गावी हा तिसराच मिळत नाही.

उड्यांना खर्च नाही. अडतं ते जमिनीवर. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, त्यात घोटा मुरगळायला वेळ लागत नाही. मुरमाचं मैदान फार कडक. गवताचा एखादा पट्टा असेल तर तोच धरा. गोदाकाठची वाळू? 2008 मध्ये फुटबॉलपटूंवर झालेल्या एका अभ्यासात वाळूवर अंग कमी दुखलं, धावेचा फायदा जवळपास सारखाच झाला, पण झटक्यात मारायच्या उडीत गवतवाले पुढे राहिले.

माझं मत उड्यांकडे, पण आधी एक परीक्षा घ्या. पोराला वीतभर उंच पायरीवरून खाली उडी मारायला सांगा आणि समोरून गुडघे बघा. गुडघे आत वळले किंवा पाय धाडकन आपटले, तर त्याला दोन-तीन आठवडे नुसत्या बैठका आणि हलकं उतरणं द्या. बाकीच्यांना वॉर्मअप झाल्याझाल्या, पाय ताजे असताना उड्या. नवख्यांना एका वेळी 80 ते 100 पुरे, दोन सत्रांत किमान 48 तास. स्पर्धेच्या आठवड्यात निम्म्यावर आणा, कोणी कितीही हट्ट केला तरी.